नाथसागराच्या फुगवट्यातलं पाणी वर्षभर मोजायचं ठरवलंय, सल्ला हवा

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी गंगापूर तालुक्यातल्या एका गावात शाळेवर विज्ञान शिकवतो. गाव नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याच्या अगदी काठाला आहे. भिंतीनं अडवलेलं पाणी मागं जिथवर पसरतं तो फुगवटा. गावाखालून एक ओढा येऊन फुगवट्याला मिळतो. गावाचं सांडपाणी, गोठ्यांची धुण, वरच्या शिवारातलं पावसाचं पाणी, सगळं याच ओढ्यानं उतरतं, आणि ओढ्याच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर आमच्या नळयोजनेची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आहे. तिथंच भोयांची जाळी लागतात, जनावरं पाण्यावर येतात, हिवाळ्यात पट्टकादंब हे रानहंस उतरतात. गावाचं आरोग्य म्हणा, मासळी म्हणा, पाखरं म्हणा, सगळं त्या एवढ्याशा पट्ट्यात एकमेकांत गुंतलेलं आहे.

अलीकडे उन्हाळ्यात तिथलं पाणी पोपटी पडायला लागलंय. वारं काठाकडे असलं की दगडांवर बुळबुळीत थर चढतो. मार्च-एप्रिलमध्ये नळाच्या पाण्याला मातकट वास येतो. मग पारावर चर्चा होते, कुणीतरी टीडीएस मीटर बुडवून 'चांगलं आहे की' म्हणतं आणि विषय मिटतो. मला याचं फार वाईट वाटतं. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार सांगतं, बस. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि धरणाचं पाणी साधारणपणे तिच्या आत बसतं. पण १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) अजिबात सापडता कामा नये, हेही त्याच मानकात लिहिलंय. ते मीटरला कुठून कळणार?

प्रदूषण नियंत्रण मंडळ पैठणला जायकवाडीपाशी नमुने घेतं. ते आकडे मी बघतो, त्यांचा उपयोगही आहे. पण नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद. भिंतीजवळच्या बाटलीत आमच्या ओढ्याच्या तोंडचं पाणी कसं येईल? केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते, त्यातले ५३ आपल्या राज्यातले, सगळ्यात जास्त. एवढ्या मोठ्या यादीत आमचा ओढा कुणी शोधू नये. तो आम्हीच बघायला हवा.

समुद्राच्या खाड्यांवर पाण्याची पाहणी कशी करतात ते वाचत होतो, तेव्हा वाटलं की आपला फुगवटा बऱ्याच अंशी तसाच आहे. दोन प्रकारचं पाणी एकमेकांत मिसळण्याची जागा. खाडीला दिवसातून दोनदा भरती, आपल्याला वर्षातून एकदा. ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक, अहिल्यानगरकडून गोदा-प्रवरेचं पाणी आलं की पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांकडे चढते आणि धरणाचं पाणी ओढ्यात आतवर शिरतं. पुढं रब्बीची आवर्तनं (शेतीसाठी कालव्याला सोडलेलं पाणी), उन्हाळी आवर्तनं, बाष्पीभवन. मेपर्यंत ओहोटीच ओहोटी.

शाळेतली मोठी मुलं, गावातले दोघे-तिघे तरुण आणि मी असे आहोत. पैसा फार नाही. काय मोजावं, कधी मोजावं आणि कशाच्या मागं लागू नये, ते जाणत्यांनी सांगावं.

---

खाडीकाठ

मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीवर हेच काम करतो, म्हणून आधी तुमच्या तुलनेबद्दल. भरती-ओहोटीचं चक्र साधारण साडेबारा तासांचं असतं, त्यात अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. एकाच जागी, एकाच दिवशी भरतीला घेतलेलं पाणी छान निघतं, कारण समुद्राचं पाणी आत येऊन सगळं पातळ करतं. ओहोटीच्या शेवटी घेतलं तर वरच्या गावांनी काय सोडलंय ते दिसतं. म्हणून आम्ही नमुन्याच्या बाटलीवर तारखेच्या आधी भरतीची वेळ लिहितो. ती नसेल तर आकडा टाकून देतो, कितीही मेहनतीनं काढलेला असो.

तुम्ही धरणाची त्या दिवशीची पातळी लिहा, फुटांत. ती रोज जाहीर होते. पातळीशिवाय लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी कशाशीच ताडून बघता येणार नाही.

फरकही सांगतो. आमच्याकडे खारं पाणी जड म्हणून तळाला जातं आणि गोडं वर तरंगतं, त्यामुळे वरचा आणि तळाचा असे दोन नमुने घ्यावेच लागतात. तुमच्याकडे मीठ नाही, पण ऊन आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं आणि वारा पडलेला असला की दोन्ही मिसळत नाहीत. तळाचा प्राणवायू संपला की गाळात धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो आणि शेवाळाला खत मिळतं. उथळ जागी वारा हे थर मोडत असेल, तरी ओढ्याच्या जुन्या पात्रात जिथं खोली आहे तिथं तळाचं पाणी काढून बघाच. बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी, तळाला गेली की झटका द्यायचा.

---

प्रयोगशाळेतून

नांदेडला पाणी तपासणीच्या कामात बरीच वर्षं आहे. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट विरघळलेला प्राणवायू, डीओ. महागडं मीटर नको. विंकलरची पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेत होते आणि मुलांना डोळ्यांनी दिसते. काचेची बीओडी बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची. एकही बुडबुडा आत राहता कामा नये, राहिला तर ओतून परत भरायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-ॲझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, वरून थेंब टाकायचे नाहीत. बूच लावून बाटली उलटसुलट केली की आत गाळासारखे कण धरतात. पाण्यात प्राणवायू असेल तर ते तपकिरी होतात, जितका जास्त तितके गडद. प्राणवायू नसेल तर पांढरेच राहतात. ते पांढरे कण एकदा बघितले की विसरत नाहीत. त्यानंतर सल्फ्युरिक आम्ल घातलं की कण विरघळून पाणी पिवळं होतं. थायोसल्फेटनं ते फिकं करत आणायचं, मग स्टार्चचे थेंब, निळा रंग, आणि तो निळा जाईपर्यंत पुन्हा थायोसल्फेट. किती लागलं त्यावरून प्राणवायूचा आकडा काढायचा. आम्ल मोठ्या माणसानंच हाताळायचं. हातमोजे आणि चष्मा लागेलच.

आता वेळ. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि इथंच बहुतेकांची मोजणी फसते. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तुमच्या पोपटी पाण्यात दुपारी दोनला मोजलात तर दहा-बारासुद्धा येईल. ते निरोगी पाण्याचं लक्षण नाही, शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतंय एवढाच त्याचा अर्थ. तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं. म्हणून सूर्य उगवायच्या आधी मोजा. पहाटेचा आणि दुपारचा आकडा यांतलं अंतर शेवाळ किती माजलंय ते सांगतं. पीएचही असाच दुपारी चढतो. पीएच आणि तापमान दोन्ही वाढलं की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो आणि मासळीला तो सोसत नाही.

मोजपट्टी म्हणून केंद्रीय मंडळाचे वर्ग धरा. नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्यासाठी वापरायचं पाणी म्हणजे 'क' वर्ग. त्याला लिटरला डीओ किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जंतू वापरतात तो प्राणवायू) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म जंतू ५,००० च्या आत. आंघोळीच्या पाण्याला नियम याहून कडक आहे, डीओ किमान ५ आणि कोलिफॉर्म ५०० च्या आत. बीओडी गावात करायच्या भानगडीत पडू नका. २७ अंशांवर तीन दिवस ठेवणारं इनक्युबेटर लागतं. ती आणि कोलिफॉर्म जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे द्या. जंतूंची बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचायला हवी. डिकीत उन्हात तापलेली बाटली माझ्याकडे आली तर मी ती घेत नाही, कारण त्यातून निघणाऱ्या आकड्यावर गावानं काही ठरवावं हे मला पटत नाही.

पाण्याचा गढूळपणा किंवा हिरवेपणा मोजायला सेकी तबकडी घरीच करा. २० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग, खाली वजन, वर दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूनं सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. खर्च नसल्यासारखा आहे आणि दर पंधरा दिवसांनी नेमानं केलीत तर वर्षाचा आलेख स्वतःच बोलतो.

---

भोईवाडा

मास्तर, पहाटेचं ताईंनी बरोबर सांगितलं. आमी जाळं काढाया चारला जातो. एप्रिलात ढगाळ दिवस गेला ना, की दुसऱ्या दिवशी पहाटं मासे वर तोंड काढून हवा प्यायलेले दिसतात. राहू, कटला आधी वर येतात. चिलापी लई चिवट, ती शेवटी. मरळ तर हवेवरच जगतंय, त्याचं काय होत नाही. मरळ सोडून बाकी वर आले की समजायचं पाण्यात दम नाही.

आन् दुसरं, जून मधी पहिला पूर येतो ओढ्याला, काळं पाणी. त्या दोन दिवसांत जास्ती मासे मरायलेत. तेव्हा कोणी मोजाया येत नाही, चिखल असतो म्हणून. तेव्हाच यायला पाहिजे.

---

गोदाकाठ

दादा, हे सोन्यासारखं आहे. कोणता मासा आधी वर आला हा रकानाच आपण वहीत घालू. ढगाळ दिवसाचं कारणही जुळतंय, ऊन नाही म्हणजे दिवसभरात प्राणवायू साठला नाही आणि रात्र मात्र तेवढीच लांब. पहिल्या पुराचं काळं पाणी म्हणजे आठ महिन्यांचं शेण, गटार आणि पालापाचोळा एकदम उतरलेला. ते सडायला लागलं की होता-नव्हता प्राणवायू खाऊन टाकतं. पहिल्या पुराला निघायचं हे आता नक्की.

---

गाळपेरवाला

धागा सुरुवातीपासून वाचतोय. पुढं कुठं जाणार तेही दिसतंय, म्हणून आधीच बोलतो. आमची जमीन धरणात गेली. पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळावर आम्ही हरभरा, गहू, उन्हाळ्यात टरबूज, काकडी करतो. थोड्या दिवसांनी कुणीतरी म्हणणार की खत-औषध गाळपेरवाले टाकतात, तेच पाणी भरल्यावर धरणात जातं, म्हणून गाळपेर बंद करा. वरून अख्ख्या शहरांचं सांडपाणी येतं त्याला कुणी हात लावत नाही. खाम नदी संभाजीनगरातून काय घेऊन गोदेला येते ते डोळ्यांनी बघा एकदा. कारखान्यांची मळी कुठं जाते ते बघा. आणि बोट मात्र चार एकरवाल्याकडे. तसं होणार असेल तर तुमच्या पोरांना आमच्या बांधावरून जाऊ द्यायचं का, याचा विचार करावा लागेल.

---

प्रयोगशाळेतून

तुमचा राग रास्त आहे. म्हणूनच अंदाजानं कुणाचं नाव घेण्याआधी मोजायचं. बाटल्या तीन जागांच्या घ्या: ओढा गावात शिरण्याआधी, ओढ्याच्या तोंडाशी, आणि मोकळ्या फुगवट्यात जिथं ओढ्याचा संबंध नाही. फुगवट्यातच नायट्रेट-फॉस्फेट जास्त निघालं तर ते वरून आलंय, गावाचा त्यात हात थोडा. तोंडाशीच वाढलेलं निघालं तर गावाचं. गाळपेरीचा वाटा बघायला चौथी जागा लागेल. पाणी चढायच्या आधी गाळाचा नमुना आणि चढल्यावर आठवड्याभरात त्याच जागेवरचं पाणी. शेजारी गाळपेर नसलेला तुकडा असेल तर तोही. एवढं केलं तर 'तुमच्यामुळेच' असं कुणी म्हणालं तरी तुमच्या हातात कागद असेल.

---

गाळपेरवाला

हे मान्य. गाळात आधीच दम असतो, युरिया आम्ही माळरानापेक्षा कमी टाकतो, पण टरबुजावर फवारे होतात, खोटं कशाला बोलू. कुठल्या तारखेला किती आणि काय टाकलं ते मी माझ्या पट्ट्यापुरतं लिहून देतो. शेजारच्या दोघांनाही विचारतो. बांधाचं बोललो ते मागं घेतो, पोरांना येऊ द्या.

---

आशाताई-गंगापूर

आरोग्याच्या बाजूचं मी सांगते. फुगवट्याचं पाणी आणि घरातल्या हंड्यातलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत, मधे टाकी आहे, पाइप आहे, गळती आहे. हगवणीचे पेशंट वाढले की लोक धरणाकडे बोट दाखवतात आणि गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपाकडे कुणी बघत नाही. म्हणून नळाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) करा. द्रव टाकल्यावर पिवळा रंग यायला हवा. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथवर पोचायला पाहिजे. नाही आला तर जलसुरक्षकाला विचारा टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची क्लोरीनची भुकटी) कधीची आहे. पोतं उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो, मग किती का टाका. पाणी हिरवं किंवा गढूळ असलं की तेच क्लोरीन शेवाळ आणि मातीवर खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. तुमची सेकी तबकडी मला इथं उपयोगी पडेल. ती कमी दाखवायला लागली की मी टाकीच्या क्लोरीनकडे जास्त लक्ष देईन.

जलजीवन मिशनमधून प्रत्येक गावात पाच बायकांना फील्ड टेस्ट किटचं शिक्षण दिलं जातं. तुमच्या गावातल्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा. किट कपाटात पडून असेल तर काढायला लावा, रसायनांची मुदत बघून. एप्रिल आणि ऑक्टोबरात पाणी स्रोतांचं सर्वेक्षण होऊन लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, त्या वेळी तुमची वही समोर ठेवा.

बुळबुळीत थराबद्दल सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. निळं-हिरवं शेवाळ असेल तर त्यातल्या काही जाती विष सोडतात आणि पाणी उकळून ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा दिलीय, म्हणजे किती थोड्यानं अपाय होतो ते बघा. थर दिसला की लेकरांना तिथं पोहू देऊ नका, जनावरं दुसऱ्या बाजूनं पाण्यावर न्या, त्या दिवसांत हातात थर घेऊन बघू नका मास्तर, तुम्हीसुद्धा.

---

मांजराकाठ

लातूरहून. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीचे महिने कुणाला आठवत नाहीत, जेव्हा तळाशी थोडं पाणी होतं आणि तेच उपसलं जात होतं. पाणी कमी झालं की घाण तेवढीच राहते, पातळ करायला पाणी नसतं. जायकवाडीतही जिवंत साठा संपून मृत साठ्यातून (आपोआप बाहेर न निघणाऱ्या तळच्या पाण्यातून) उपसा करायची वेळ आलेली आहे. अशा वर्षी तुमची मोजणी पंधरा दिवसांवरून आठवड्यावर आणा.

---

भोईवाडा

एक शंका. मे मधी पाणी कुठल्या कुठं मागं जातं. पावसाळ्यात जिथं होडी लावतो तिथं उन्हाळ्यात काकडी असते. मग जागा तीच धरायची का पाण्याच्या मागं मागं जायचं?

---

खाडीकाठ

लाखमोलाचा प्रश्न आहे. दोन्ही करा, पण वहीत वेगवेगळ्या पानांवर. ओढ्याच्या जुन्या पात्रातली एक खोल जागा, जी मेमध्येही भिजलेली राहते, ती कायमची. तिचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घेऊन ठेवा आणि नेहमी तिथंच होडी न्या. दुसरी जागा सरकती, ओढ्याचं पाणी त्या दिवशी जिथं फुगवट्याला भेटतं ती. सरकत्या जागेचे आकडे एकमेकांशी सरळ ताडू नका, पातळी बघून ताडा. आणि तो भाग पक्षी अभयारण्यात येत असेल तर होडी घालण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी काढा. पट्टकादंब उतरलेले असतील त्या दिवसांत इंजिन नको, वल्ह्यानं जा.

---

गोदाकाठ

कायमची जागा भोईवाड्यातल्या दादांनी दाखवायची, ती त्यांच्याइतकी कुणाला माहीत नाही. परवानगीचा अर्ज ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानं या आठवड्यात देतो. डीओ आणि सेकी आम्ही करू, क्लोरीन आशाताईंच्या सल्ल्यानं किट शिकलेल्या बायका. कोलिफॉर्मची बाटली ज्या दिवशी गावातली दुधाची गाडी बर्फ घेऊन तालुक्याला जाते त्या दिवशीच भरायची, म्हणजे ती तापणार नाही. तिथून पुढं जिल्ह्याला नेण्याची सोय अजून लागलेली नाही. गंगापूरहून सकाळी रोज संभाजीनगरला जाणारं कुणी हा धागा वाचत असेल तर इथंच कळवा.